काकांची प्रकृती

दोन वर्षांत काकांची प्रकृती तसूभरही बदलली नव्हती, आणि आमच्या प्रयोगशाळेला अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट होती. रोज सकाळी सगळ्यात आधी काकांना मशीनमध्ये घालायचं, त्यांच्यातली चरबी मोजायची, ती चाळीस टक्के आली की सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून चहाला जायचं. एकोणचाळीस आली तर मशीन बिघडलं. एक्केचाळीस आली तरी मशीनच बिघडलं. काका कधी बिघडत नसत.

काका म्हणजे मेयोनीजची बरणी.

नीट सांगतो. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात एक भलंमोठं चुंबक आहे. बाकीचे लोक त्यात माणसाला सरकवून आतले फोटो काढतात. आमचं फोटोवर भागत नाही. आम्ही पडद्यावर यकृतातला एक छोटा चौकोनी तुकडा निवडतो आणि फक्त तेवढ्याच तुकड्याला ऐकतो. पाणी एका सुरात बोलतं, चरबी दुसऱ्या, आणि पडद्यावर त्यांचे डोंगर उमटतात. पाण्याचा डोंगर मोठा, बाजूला चरबीची टेकडी. टेकडी किती उंच, यावरून यकृत आलेल्या जेवणाचं काय करतंय ते कळतं. फॉस्फरसचा सूर वेगळा ऐकला की पेशींकडे खर्चायला ऊर्जा किती शिल्लक आहे तेही दिसतं. सुई नाही, टाके नाहीत. याला मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. आई शेजारणींना सांगते की आमचा मुलगा लिव्हरशी बोलतो. त्या विचारतात, पगार मिळतो का.

आता मशीन खरं बोलतंय की नाही हे तपासायला रोज एक अशी वस्तू लागते जिच्यातली चरबी आधीच माहीत आहे. त्यासाठी मेयोनीजमध्ये मोजून पाणी घालून केलेली ही बरणी. अडचण एवढीच, की माणसाचं नाव, जन्मतारीख, लिंग आणि वजन टाकल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. किती लहरी सोडायच्या हे ते वजनावरून ठरवतं. माणूस भाजू नये म्हणून. माझ्या आधी इथे असलेल्या कुणीतरी मग टाकून दिलं: नाव काका, पुरुष, वय पंचावन्न, वजन सत्तर किलो. झाकणावरही मार्करने 'काका' लिहिलं, म्हणजे कुणी पावाला लावणार नाही.

हे सगळं सुरळीत चालू होतं. अडचण होती मेंदूवाल्यांची.

ते वरच्या मजल्यावर, गालिच्यावर बसतात. मशीन एकच, सकाळचा पहिला वेळ आमचा, पुढचा सगळा दिवस बहुतेक त्यांचा. तरी त्यांच्या प्रमुखांना, ज्यांना आम्ही मेंदूसर म्हणतो, आमची सकाळही हवी होती. यकृताचं मोजमाप उपाशीपोटी करावं लागतं, म्हणून आम्हाला सकाळच लागते, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. त्यांचं म्हणणं, उपाशी माणूस दुपारीही असू शकतो. मेंदूला मान मिळतो, पैसा मिळतो, समारंभात पुढची खुर्ची मिळते. यकृत बिचारं दिवसरात्र राबतं आणि एकदाही बोलून दाखवत नाही. आमच्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, स्वभावाने यकृतासारख्याच.

मशीन समिती महिनाअखेर निर्णय घेणार होती. बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की सकाळ गेली तर अभ्यास गेला, आणि अभ्यास गेला तर माझी जागा गेली. एकही चूक दिसता कामा नये. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले.

चौथ्या दिवशी फोन वाजला. यकृताच्या ओपीडीतून एक आहारतज्ज्ञ बोलत होती. आवाजावरून वयाने माझ्याएवढीच, पण बोलण्यात असा ताईपणा की मी खुर्चीत सरळ बसलो. पुढे तिचं नाव आम्ही आहारताईच पाडलं.

"काका आहेत का तिथे?"

मी फ्रीजकडे पाहिलं. "आहेत."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

"नाही."

तिने सुस्कारा टाकला. आमचे रोजचे आकडे आता आपोआप तिच्या पडद्यावर जात होते, आणि चाळीस टक्के चरबीचं यकृत तिने आजवर पाहिलं नव्हतं. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी त्यात एकही शब्द खोटा बोललो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काय खातात? काहीच नाही. दारू? थेंबही नाही. चालणं-फिरणं? कुणी उचललं तरच. राहतात कुठे? इथेच, थंडीत, अंधारात. सोबत कोण असतं? कधी दूध, कधी कुणाचा डबा. तुम्ही त्यांचे कोण? मी रोज त्यांना हलवतो.

मग बारीक झालेल्या आवाजात ती म्हणाली की फॉस्फरसमध्ये ऊर्जा शून्य आली आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांनी विचारलंय, हा माणूस चालत येतो का.

"उचलून आणतो," मी म्हणालो.

तिने बुधवारची वेळ दिली. काका आले नाहीत, तर डॉक्टर मशीन समितीला कळवणार होते, की यकृतवाले एका अत्यवस्थ माणसाला रोज तपासतात आणि उपचार मात्र करत नाहीत. खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण खरं काय होतं? की आम्ही दोन वर्षं एका बरणीला रुग्ण म्हणून नोंदवत होतो. दोन्हीकडून सकाळ मेंदूसरांच्याच खिशात. मी तोंड मिटलं आणि बुधवारी येतो म्हणालो.

मग मी मामांकडे गेलो.

मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, किल्ल्या बनवतात. दुकान जेमतेम एका माणसाचं. आत ते स्वतः आणि हजारभर किल्ल्या. पण हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. मनाने मामा नट आहेत. गल्लीतल्या हौशी नाटक मंडळात ते वीस वर्षं आहेत आणि वीस वर्षं त्यांना एकच भूमिका मिळत आली आहे: प्रेत. कारण मामांसारखं पडून राहणं कुणालाच जमत नाही. छाती हलत नाही, पापणी लवत नाही. एका नाटकात नायिका त्यांच्या अंगावर पडून रडली आणि तिचं कानातलं त्यांच्या नाकपुडीत अडकलं, तरी मामा हलले नाहीत. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मामा पडलेलेच होते.

एक वाक्य मिळावं, एवढीच त्यांची आयुष्यभराची इच्छा.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली.

"बरणीला हवं काय असतं?"

"मामा, बरणी आहे ती. तिला काय हवं असणार?"

"अरे, पात्राला काहीतरी हवं असतं. नाहीतर मी उभा कसा राहू?"

मी म्हणालो, उभं राहायचं नाहीये, बसायचं आहे, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाहीये. काका बोलत नाहीत, हे मी आधीच सांगून बसलोय. मामांचा चेहरा पडला. पुन्हा बिनवाक्याची भूमिका. तरी भाच्याच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून तयार झाले. निघताना त्यांनी स्वतःशीच ठरवलं की बरणीला झाकण उघडलं जाण्याची भीती वाटत असणार.

बुधवारी मी त्यांना ओपीडीच्या दारात सोडलं. परत आले ते भलतेच खुशीत. आहारताईने त्यांना अर्धा तास समजावलं होतं: तळलेलं बंद, साखर बंद, लोणी तर बघायचंही नाही, रोज चालायचं. मामा फक्त मान हलवत होते. एवढा समजूतदार पेशंट तिने पाहिला नव्हता. एवढा बारीक माणूस आणि असं यकृत, हे तिला कोडं वाटलं, पण बारीक लोकांतही असं होतं म्हणाली. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंशी मामांची गट्टी जमली होती. त्या शेजारच्या स्मृती विभागात आलेल्या होत्या.

"त्यांनाही घरच्यांनी सांगितलंय, तोंड उघडायचं नाही म्हणून," मामा म्हणाले. "आम्ही दोघं तासभर गप्प बसलो. फार मजा आली."

माझं त्याकडे लक्ष नव्हतं. मी दिवस ढकलत होतो. बेत साधा होता: तीन आठवड्यांनी ओपीडीच्या वेळेत मामांना मशीनमध्ये घालायचं, त्यांचं निरोगी यकृत दाखवायचं, आहारताई काका बरे झाले म्हणून त्यांना सोडून देईल, प्रकरण मिटलं. मधल्या काळात मामा तिचा आहार खरोखरच पाळायला लागले. भूमिकेची तयारी म्हणून. उकडलेल्या भाज्या खायचे, दुकानात चालत जायचे. आई म्हणाली, माझा भाऊ झिजतोय. मी म्हणालो, बरणीसाठी झिजतोय. आईने त्यापुढे विचारणं सोडून दिलं.

तपासणीच्या दुपारी मेंदूवाल्यांचा एक तास रिकामा होता आणि बाई बाहेरगावी होत्या, हे माझं नशीब. आहारताई स्वतः बघायला आली होती. चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून मी मामांना खिसे रिकामे करायला सांगितलं. खिशातून किल्ल्या निघाल्या. मग मोज्यांतून निघाल्या. मग टोपीतून. परातीत किल्ल्यांचा ढीग झाला तेव्हा मामांनी गळ्यातली दोरी काढली. तिला कपाटाची किल्ली होती. दारातल्या शोधकाने तरीही शिट्टी मारली. मामा थोडे लाजले आणि त्यांनी मिशीजवळून एक इवलीशी किल्ली काढली. ती तिथे कशी होती, हे मी विचारलं नाही.

मग त्यांना आडवं केलं, बरगड्यांखाली उजव्या बाजूला अँटेनाची पट्टी बांधली, कानात बोळे घातले आणि आत सरकवलं. माणसाच्या श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं. निवडलेला चौकोन भलतीकडेच जातो. म्हणून आम्ही मायक्रोफोनवर सांगत राहतो, श्वास सोडा, धरा, घ्या. लोक चुकतात, खोकतात, हसतात. मामांना मी एकदाच सांगितलं. पुढे त्यांचं पोट हललंच नाही. वीस वर्षं प्रेत होऊन काढलेला माणूस. मशीन खडखडत होतं आणि पडद्यावर असं स्वच्छ चित्र येत होतं की माझ्या अंगावर शहारा आला. पाण्याचा उंच सुळका, पायथ्याशी चरबीची नुसती बारीक ढेकळं: दोन टक्के. फॉस्फरसमध्ये ऊर्जेची शिखरं रांगेने उभी.

आहारताई पडद्याजवळ आली आणि खुर्ची ओढून बसली. काही वेळाने म्हणाली की डॉक्टर तिला हसायचे. भाज्या उकडून कुठे यकृत बरं होतं का, म्हणायचे. तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "शून्य होती हो यांची ऊर्जा. शून्य."

तिचं रडणं बेतात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे आल्या आल्या बरणी तपासली होती. चाळीस. मग आदले आकडे पाहिले होते. बाईंचा चेहरा कधी बदलत नाही. आज थोडा बदलला होता.

"काल दुपारी," त्या म्हणाल्या, "काका जिवंत होते."

मी फोनपासून किल्ल्यांपर्यंत सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुझ्या मामांचं यकृत फार सुंदर आहे. मग म्हणाल्या, पण तू गाढव आहेस.

गाढवपणा कुठे झाला, ते तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मामा काकांच्या नावाने मशीनमध्ये गेले, पण सकाळी त्याच नावाने बरणी पुन्हा गेली. ती जायचीच, दोन वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. ओपीडीच्या पडद्यावर आता आलेख दिसत होता तो असा: चाळीस, चाळीस, चाळीस, काल दुपारी दोन, आज सकाळी चाळीस.

फोन वाजला. आहारताईच्या आवाजातला सगळा ताईपणा गेला होता.

"काल रात्री काय खाल्लं त्यांनी?"

मी म्हणालो, काही नाही. पहिल्यांदाच माझ्या खरं बोलण्याचा मला राग आला.

दुपारपर्यंत आलेख समितीकडे पोचला, म्हणजे मेंदूसरांकडेही. ते समितीवर होतेच. एका रात्रीत यकृत असं भरायचं तर माणसाने पिंपभर लोणी प्यायला हवं, असं ते लिफ्टमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. परवा सुनावणी, रुग्णाला घेऊन या, असा निरोप आला. सकाळचं काय करायचं तेही तिथेच ठरणार होतं.

बाईंनी निर्णय घेतला: आपण खरं सांगायचं. मी सांगेन. बरणी मी आणेन. तुझ्या मामांना म्हणावं, बसायचं आणि गप्प राहायचं. मी मामांना तसं सांगितलं. मामांनी मान हलवली. आयुष्यभर लोकांनी त्यांना हेच सांगितलं होतं, आणि ते ऐकताना त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

समितीची खोली वरच्या मजल्यावर. लांब टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर होते आणि त्यांना झोप आवरत नव्हती. आहारताई एका टोकाला, कुणाकडेही न बघता बसलेली. मामा इस्त्रीच्या शर्टात. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काका.

मेंदूसरांनी पडद्यावर आलेख लावला आणि लाल ठिपका त्यावर फिरवत बराच वेळ बोलले. सारांश असा, की यकृतवाल्यांना मोजता येत नाही, किंवा हा पेशंट खोटारडा आहे, आणि दोन्हीत सकाळ त्यांच्याकडे असण्यात अर्थ नाही. शेवटी ठिपका मामांच्या शर्टावर आणून त्यांनी विचारलं की हे गृहस्थ स्वतः काही सांगू शकतील का.

बाई उठायला लागल्या. पण मामा आधी उठले.

"होय," मामा म्हणाले. "मी खाल्लं."

मी मामांचा शर्ट ओढला. त्यांनी माझा हात असा बाजूला केला जसा नायक करतो.

"सगळं लोणी मी खाल्लं. पण का खाल्लं, हे कुणी विचारलं? दोन वर्षं मला अंधारात ठेवलं. थंडीत ठेवलं. रोज सकाळी बाहेर काढायचं, गदागदा हलवायचं, आणि परत आत. शेजारी लोकांचे डबे यायचे, जायचे. मी तिथेच. माझ्यावर माझं नाव लिहिलं, ते मला ओळखावं म्हणून नाही, मला कुणी पावाला लावू नये म्हणून."

अध्यक्ष जागे झाले. दार हळूच उघडलं होतं आणि एक म्हाताऱ्या बाई आत येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ओपीडीबाहेर गट्टी जमलेल्या या बाईंना मामांनी नाटकाला बोलवावं तसं बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. मेंदूसरांची त्यांच्याकडे पाठ होती.

"दोन वर्षांत एका तरी माणसाने विचारलं?" मामांनी दोन्ही हात पसरले. "विचारलं, काका, कसे आहात?"

मागच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग टेबलाच्या टोकाकडून हळू आवाज आला.

"मी विचारलं होतं."

आहारताई मामांकडे बघत होती. आणि मामांना पहिल्यांदा आपल्या भूमिकेत पुढचं वाक्य सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. कारण ते खरं होतं. दोन वर्षांत तिने एकटीनेच विचारलं होतं.

"या पोरीला फसवायचं नाही बुवा," मामा त्यांच्या दुकानातल्या साध्या आवाजात म्हणाले, आणि खाली बसले.

बाईंनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "हे काका," म्हणाल्या, आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंना पाचवं वाक्य लागत नाही.

आहारताईने बरणीकडे पाहिलं. झाकण वाचलं. मग तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं मोजमाप करणारं मशीन अजून निघालेलं नाही.

मेंदूसरांना मात्र उकळ्या फुटल्या होत्या. बरणी, ते म्हणाले. बरणीला नाव, बरणीला वय, बरणीला वजन. रुग्णांच्या यादीत मेयोनीज. समितीने आता वेळ घालवू नये, सकाळ आजच्या आज मेंदू विभागाला द्यावी, आणि या मुलाला घरी पाठवावं. मुलगा म्हणजे मी. अध्यक्षांनी पेन उघडलं. मी मनात आईला सांगायचं वाक्य जुळवायला लागलो.

"जावईबापू," मागून आवाज आला, "मग आता माझंही सांगून टाकू का?"

मेंदूसर वळले. मी माणसाचा रंग इतक्या पटकन जाताना मामांच्या नाटकातसुद्धा पाहिला नाही.

"सासूबाई, तुम्ही घरी जा," ते म्हणाले.

"जाते की. पण यांची बरणी निघाली, तर आपला गोळाही निघू दे एकदाचा."

आणि सासूबाईंनी सांगितलं. मेंदूवालेही रोज मशीन तपासतात. त्यांच्याकडे डोक्याएवढा, पाण्याने भरलेला काचेचा गोळा आहे. त्यालाही नाव लागतंच. जावईबापूंना घाईत एकच नाव सुचलं, ते सासूबाईंचं; वय आणि वजनासकट. कॉम्प्युटर जोडले गेले आणि स्मृती विभागाने पाहिलं की या बाईंच्या डोक्यात काही म्हणजे काहीच नाही, नुसतं पाणी. त्यांनी फोन केला. तेव्हापासून दर आठवड्याला जावईबापू त्यांना तिथे आणून बसवत होते.

"कागदावर घड्याळ काढायला सांगतात. मला छान काढता येतं," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी बरोबर काढलं, तर तिथल्या पोरी आनंदाने रडायलाच लागल्या. हे घरी येऊन माझ्यावर चिडले. म्हणाले, गोळ्याला घड्याळ येत नाही. तेव्हापासून चुकीचं काढते. सगळे काटे बाहेर. काय काय भोगायचं माणसाने मुलीच्या संसारासाठी."

मेंदूसरांचा लाल ठिपका अजून चालूच होता. तो छतावर थरथरत होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला. हाडांच्या विभागातही एखादी वस्तू असेल का, असं कुणीतरी विचारायच्या आत त्यांनी घाईघाईने जाहीर केलं की सकाळ जिथे आहे तिथेच राहील, तपासणीच्या वस्तूंचे आकडे ओपीडीला जाणं बंद होईल, आणि हा विषय इथेच संपला. पेन उघडंच खिशात घालून ते निघून गेले. त्यांच्याकडे कोण आहे, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मामा आणि सासूबाई बाकावर बसून मंडळाच्या पुढच्या नाटकाबद्दल बोलत होते. सासूबाईंचं मत होतं की मामांचा आवाज चांगला आहे, पण हात फार हलवतात. मामा हे कौतुक ऐकून सरळ बसले होते. हात हलवतो असं त्यांना कुणी कधी म्हणालं नव्हतं.

आहारताई माझ्याशी न बोलता जिना उतरून गेली. माझी नोकरी वाचली होती आणि मला चहा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीज उघडत होतो तेव्हा ती तळघरात आली. हातात मामांच्या आहाराचा कागद होता. दारातच उभी राहून म्हणाली की तिने तीन आठवडे मेयोनीजला लोणी सोडायला सांगितलं, आणि ओपीडीतले डॉक्टर आता तिला बघितलं की झाकण फिरवल्यासारखा हात करतात. मी म्हणालो, चूक माझी, मी डॉक्टरांना येऊन सांगतो. ती म्हणाली, काही नको, तुम्ही खरंच बोलता, ते आणखी वाईट असतं. मग तिने विचारलं की मामा तरी खरे आहेत ना. मी सांगितलं की मामा खरे आहेत, अजून दुकानात चालतच जातात, आणि तिला विचारून घ्यायला सांगितलंय की आता पाव चालेल का.

"चालेल," ती म्हणाली. "कोरडा."

एवढ्यात बाई आल्या. आहारताईला बघून त्यांनी न बोलता एक खुर्ची पुढे सरकवली. मी काकांना बाहेर काढून नेहमीसारखं हलवलं. आहारताई वाकली, बरणीच्या काचेतून आत पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "काय काका, कसे आहात?"

काका नेहमीसारखे गप्प राहिले. मी त्यांना स्पंजवर ठेवून मशीनमध्ये सरकवलं. खडखडाट झाला, डोंगर उमटले, आकडा आला.

एकोणचाळीस.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि मशीन कुठे बिघडलं ते बघायला उठल्या. आहारताई पडद्याकडे बघतच होती.

"फरक पडतोय," ती म्हणाली.